वगळ

ह्या सदरातून मी एरवी शब्दांविषयी लिहितो, हे नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहेच. कुठे एखादा जुना शब्द पडलेला दिसला की तो उचलून घरी आणायचा, झाडून-पुसून लख्ख करायचा आणि तुमच्यापुढे ठेवायचा, हा माझा उद्योग. दिवाळी अंकासाठी एखादा गोड शब्द द्यावा, असे संपादकांनी सुचवले होते. त्यांचा मान राखायचा म्हणून मी अनारशापासून चिरोट्यापर्यंत सगळी फराळाची ताटे मनातल्या मनात फिरून आलो. पण गेले वर्षभर जो शब्द माझ्या डोक्यात ठाण मांडून बसला आहे, तो काही केल्या उठेना. तो गोड तर नाहीच. उलट त्याने माझ्या घरातल्या दोन पाटल्या खाल्ल्या आहेत. तो शब्द आहे 'वगळ'.

पुण्या-मुंबईच्या वाचकाला हा शब्द ऐकून 'वगळणे' आठवेल. आमच्या सोलापूर-मराठवाड्याच्या बाजूला मात्र वगळ म्हणजे लहानसा ओढा. ओढ्याची धाकटी बहीण म्हणा हवे तर. वर्षातले आठ-नऊ महिने ती कोरडी असते. तिच्यातून बैलगाडी जाते, कडेला बाभळी वाढतात, पोरे तिच्या वाळूत खेळतात. इतके दिवस ती निमूट पडून असते की ती रस्ता नसून पाण्याची वाट आहे, हे लोक विसरून जातात. मग एखाद्या रात्री ती स्वतःच आठवण करून देते.

सोलापूरहून पुण्याकडे निघाले की पस्तीसेक किलोमीटरवर आमचे मोहोळ लागते. तालुक्याचा गाव, रेल्वेचे स्टेशन आहे, हमरस्ता आहे, नागनाथाचे देऊळ आहे आणि जिथे मी मुलांना मराठी शिकवतो ते कॉलेजही आहे. अशा गावात नोकरदार माणसाला एकदा चाळिशी खुणावू लागली की त्याला प्लॉट दिसू लागतात. मलाही दिसले. २०१४ सालच्या पाडव्याला मी दीड गुंठ्याचा एक प्लॉट घेतला. पैसे जमवले ते आमच्या सौ.च्या भिशीतून, माझ्या भविष्यनिर्वाह निधीतून आणि राहिलेली तूट आईच्या दोन पाटल्या मोडून.

पैसे तिचे लागले होते, तेव्हा जागा दाखवायला आईला घेऊन गेलो. तिने रिक्षातून उतरून चारी बाजूंना पाहिले आणि म्हणाली, "आरं, हे तर वगळीतलं रान की! पावसाळ्यात आमी बाया हितं धुणं धुयाला यायचो."

बरोबर प्लॉट विकणारे एजंट होते. ते मोठ्या आदबीने म्हणाले, "आजी, वगळ होती तेव्हा होती. आता इथं चाळीस फुटी रस्ता येणार आहे." आणि त्यांनी नकाशा उघडला. त्या नकाशात रस्ते होते, बागेची राखीव जागा होती, पुढेमागे देऊळ झालेच तर त्याची चौकटसुद्धा होती. वगळ तेवढी नव्हती. नकाशातून वगळ वगळली होती! हा श्लेष मला इतका आवडला की मी तिथल्या तिथे तो वहीत टिपून घेतला, आणि दुसऱ्या दिवशी जाऊन खरेदीखतावर सही केली. श्लेष लक्षात आला, धोका आला नाही. मराठीच्या प्राध्यापकाची ह्याहून नेमकी व्याख्या कोणी केली असेल असे मला वाटत नाही.

पण सगळा दोष माझ्या माथी मारू नका. पाण्याची भीती आमच्या मुलखाच्या रक्तातच नाही. आमची भीती दुसरी, न येणाऱ्या पाण्याची. वर्षाकाठी पाच-साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडला तर पडला. शेजारच्या मंगळवेढ्याचे दामाजीपंत पंधराव्या शतकात संतपदाला पोचले, ते दुष्काळात सरकारी कोठारे उघडली म्हणून. आमच्याच तालुक्यातला आष्टीचा तलाव १८७६-७७ च्या दुष्काळात पोटासाठी राबलेल्या हातांनी उभा केला. १९७२ च्या दुष्काळाच्या गोष्टी तर आई अजून सांगते: खडी फोडून हाताला आलेले घट्टे, कामावर मिळणारी सुकडी आणि मिलोच्या तांबड्या भाकरीची चव. मी प्लॉट घेतला तेव्हाही २०१३ च्या उन्हाळ्यातले टँकर डोळ्यांपुढून हलले नव्हते. ज्या माणसाने घागरीसाठी रांग लावली आहे, त्याला तुम्ही "इथं पाणी येतं" म्हणून सांगितलेत, तर तो आनंदाने दोन पैसे जास्त देईल!

आमची सीना नदीच पाहा. मोहोळपासून थोड्या अंतरावरून ती वाहते, म्हणजे पावसाळ्यात वाहते. तिच्यात पाणी खेळावे म्हणून उजनीतून भीमा-सीना बोगदा काढावा लागला, एवढी ती गरीब. पुढे कुडलला ती भीमेला मिळते. तिथल्या संगमेश्वराच्या देवळातला शके ९४० चा, म्हणजे १०१८ सालचा लेख मराठीच्या आद्य शिलालेखांत गणला जातो. त्यामुळे मला तिच्याविषयी माहेरपणाचा जिव्हाळा, पण भीती? छे! भीती कधी वाटली नाही.

मात्र जुन्या लोकांना ती माहीत असावी. ते त्यांच्या शब्दांवरून दिसते. आपल्याकडे गावाच्या जमिनीचे दोन भाग मानतात, पांढरी आणि काळी. पांढरी म्हणजे माणसांची वस्ती, आणि काळी म्हणजे पिकाचे रान. मोल्सवर्थच्या कोशातही पांढरीचा हा अर्थ सापडतो. पिढ्यान्‌पिढ्या त्याच जागी भिंती पडल्या, चुलीतली राख साचली, पुन्हा भिंती उठल्या, म्हणून तिथली माती पांढरट झाली आणि जागा उंचावली. कुठल्याही जुन्या गावात शिरताना चढ लागतो तो ह्यामुळे. आणि मुळातली जागाही बहुधा चार हात उंच पाहूनच धरलेली असे. घर पांढरीत, पीक काळीत. हा केवळ रिवाज नव्हता, त्यात हिशेब होता. काळी माती पाणी प्याली की फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ज्वारीला ती आईसारखी, पण भिंतीला सावत्र. पाया मुरमापर्यंत नेला नाही, तर दोन-तीन उन्हाळ्यांत खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरकी चीर निघालीच म्हणून समजा. आणि पाणी वाहते तेही काळीतूनच.

आता आम्ही नोकरदार मंडळी पांढरी सोडून काळीत उतरलो. पांढरीत जागा उरली नव्हती, हे खरे. पण उतरताना शब्द वरच ठेवून आलो.

इथे कोणी म्हणेल, प्राध्यापकमहाशय, वाडवडील सगळे जाणत होते असे तुम्हांला म्हणायचे आहे काय? मुळीच नाही. आमचे जुने घर पांढरीत होते. मातीत रचलेल्या दगडांच्या दोन-दोन हात रुंद भिंती आणि वर माळवद. माळवद म्हणजे तुळया, त्यांवर फळ्या-काटक्या आणि वर पांढऱ्या मातीचा जाडजूड थर. उन्हाळ्यात बाहेर बेचाळीस अंश असताना आत माठातल्यासारखा गारवा. दर पावसाळ्याआधी गळती थांबवायला वडील वर आणखी माती टाकत. म्हणजे डोक्यावरचे ओझे वर्षावर्षाने वाढतच जाई. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चारला चार मिनिटे कमी असताना, फळीवरची भांडी आपोआप खणखणू लागली. मी तेव्हा बारा-तेरा वर्षांचा होतो. आदल्या रात्री गणपती बोळवून दमून झोपलेलो. वडिलांनी मला दंडाला धरून अंगणात ओढले ते अजून आठवते. आमच्या घराला काही झाले नाही. पण किल्लारी आणि तिच्या भोवतालच्या गावांत हीच घरे होती. तशाच भिंती, तशीच माळवदे. आठ-दहा हजार माणसे झोपेत त्या दगड-मातीखाली गेली. बावन्न गावे मुळातून नवी वसवावी लागली. आणि त्या वेळच्या भूकंपाच्या नकाशावर तो भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात दाखवलेला होता! पुढे २००२ साली तो सर्वांत कमी धोक्याचा पट्टाच नकाशातून काढून टाकण्यात आला.

तेव्हा वडिलधाऱ्यांचा शब्द म्हणजे वेदवाक्य नव्हे. त्यांनी जे सोसले होते, तेवढे त्यांच्या शब्दांत उतरले. दुष्काळ वरचेवर आला, त्याचे शंभर शब्द झाले. पूर अधूनमधून आला, त्याची दोन-चार नावे रानांना चिकटली. भूकंप कोणाच्या आजा-पणज्याने पाहिला नव्हता, म्हणून माळवदाला कोणी वाईट शब्द दिला नाही. आता आपल्याकडे त्यांचे शब्दही आहेत आणि त्यांनी न पाहिलेलेही आपण पाहिले आहे. दोन्ही वापरायचे सोडून मी श्लेष टिपत बसलो.

वगळीने मला पहिली सूचना दिली ती १४ ऑक्टोबर २०२० रोजी. त्या दिवशी जिल्हाभर पाऊस कोसळला. पंढरपुरात कुंभार घाटाची भिंत पडून सहा माणसे गेली. आमच्या प्लॉटवर घोट्याएवढे पाणी आले आणि दुसऱ्या दिवशी ओसरले. कोरोनाच्या दिवसांत घोट्याएवढ्या पाण्याचे कोणाला काय वाटणार? मीही "परतीचा पाऊस जरा जास्तच झाला" एवढे म्हणून गप्प बसलो.

दुसरी सूचना सूचना नव्हतीच. २०२५ च्या सप्टेंबरात, घटस्थापना होऊन दोन दिवस होतात न होतात तोच सीना चढली. अशी चढली की माढा आणि मोहोळ तालुक्यांतल्या काठच्या गावांतून माणसे बोटींनी बाहेर काढावी लागली. एस.टी. थांबवून ज्या लांबोटीचा चिवडा सारा महाराष्ट्र खातो, तिथल्या पुलाला पाणी टेकले आणि पुणे-सोलापूर हमरस्ता बंद झाला. गंमत म्हणायची तर अशी, की हे सगळे पाणी आमच्या आभाळातले नव्हते. सीना उगवते अहिल्यानगरकडे, आणि बीड-धाराशिवच्या बाजूचेही पाणी पोटात घेत येते. तिकडे ढग फुटले आणि इकडे आमची उभी पिके गेली. आपल्या अंगणात पाऊस किती पडला एवढेच पाहणाऱ्या माणसाला पूर कधी कळत नाही; पुराचे अंगण फार मोठे असते.

पण आमच्या प्लॉटवर सीना आली नव्हती. त्या दिवसांत इथेही धो-धो पाऊस होता, आणि तिथे आली ती आपली घरचीच वगळ. सकाळी जाऊन पाहिले तर चाळीस फुटी रस्ता नकाशात होता तसाच रुंद आणि सरळ वाहत होता. माझ्या प्लॉटच्या कोपऱ्यावरचा दगड दिसेनासा झाला होता. शेजारच्या घराच्या भिंतीवर कमरेएवढ्या उंचीवर ओली, मातकट रेघ उमटली होती आणि त्या घरातली माणसे गाद्या गच्चीवर नेत होती. मला एकदम धुणे धुणाऱ्या बायका दिसल्या. आई तिथे ज्या दगडावर बसत असेल, तो बहुधा माझ्याच प्लॉटमध्ये असावा.

कॉलेजात शिक्षकांच्या खोलीत मी ही हकीकत सांगितली आणि शेवटी म्हणालो, "चला, असा पूर पंचवीस वर्षांतून एकदा यायचा. आता आपल्या हयातीत काळजी नाही." आमच्याकडे गणिताचे एक सहकारी आहेत, ते चहा पिताना सहसा बोलत नाहीत. त्या दिवशी त्यांनी कप खाली ठेवला.

"पंचवीस वर्षांतून एकदा," ते म्हणाले, "ह्याचा अर्थ पंचवीस वर्षे सुट्टी असा नसतो. दर वर्षी शंभरात चार एवढी शक्यता, असा असतो. सोंगटीला काल काय पडले होते ते आज आठवत नाही, ढगालाही नाही. घराचे कर्ज तुम्ही किती वर्षांचे घेता? वीस? मग त्या वीस वर्षांत असा पूर एकदा तरी येण्याची शक्यता शंभरात छप्पन्न. म्हणजे न येण्यापेक्षा येण्याचीच जास्त."

आपल्या राज्यात मोठ्या नद्यांच्या काठी पाटबंधारे खाते दोन रेषा आखते, हेही त्यांनीच सांगितले. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. निळीच्या आत घरे बांधायची नाहीत, आणि निळी-लालच्या मध्ये बांधायची ती बंधने पाळून. वडिलांची पांढरी आणि काळी, सरकारची निळी आणि लाल. रंग बदलले, सांगणे तेच. फरक एवढाच, की वगळीसारख्या धाकट्या पोरीसाठी कोणी रेषा आखायला बसत नाही. तिची रेषा भिंतीवरच उमटते, आणि ती आपण दिवाळीला रंगवून टाकतो.

मोठ्या शहरांनी आम्हांला हसू नये. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. ज्यांनी ते पाहिले, ती माणसे उरलेल्या आयुष्याची मोजणी पानशेतच्या आधी आणि पानशेतच्या नंतर अशी करीत. आज त्याच मुठेच्या काठी जाऊन पाहा. मुंबईकर तर मिठी नावाची नदी आपल्या शहरात आहे हे जवळजवळ विसरून गेले होते, तिला नालाच म्हणत. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे आमच्या दीड वर्षाहूनही जास्त. तेव्हा तिने आपले नाव पुन्हा सांगितले. जपानात अनेयोशी नावाचे एक खेडे आहे. १९३३ साली समुद्राची लाट येऊन ते बुडाले. वाचलेल्यांनी वर चढून घरे बांधली आणि वाटेवर एक दगड रोवला: ह्याच्या खाली घर बांधू नका. २०११ साली त्याहून भयंकर लाट आली, ती त्या दगडाच्या खालीच थांबली आणि वरची घरे वाचली. तो दगड काही लाट अडवत नव्हता. त्याने एवढेच केले, की अठ्ठ्याहत्तर वर्षे विसरू दिले नाही.

आता माझी खरी गोष्ट. त्या दिवाळीनंतर एजंटांचा निरोप आला. प्लॉटला गिऱ्हाईक आहे, भाव चांगला आहे, घाई करा. सौ.ने सुटकेचा निःश्वास सोडला. ठरल्या वेळी जागेवर गेलो तर गिऱ्हाईक म्हणून उभा होता माझाच एक जुना विद्यार्थी. साखर कारखान्यात कारकून आहे. बरोबर बायको आणि दोन लहान मुली. त्याने तिथेच वाकून नमस्कार केला, इसाराचे पाकीट खिशात होते ते हातानेच दाबून पाहिले, आणि सहज विचारावे तसे विचारले, "सर, इथं पाणी-बिणी येतं का हो?"

एजंटांनी माझ्याकडे पाहिले. वाचकहो, मी काही हरिश्चंद्र नाही. त्या एका क्षणात माझ्या मनात भिशी, निधीचे हप्ते आणि दोन पाटल्या एवढे सगळे येऊन गेले. 'क्वचित', 'थोडेफार', 'विशेष नाही' अशी किती तरी सोयीची विशेषणे आपल्या समृद्ध भाषेत आहेत, हेही आठवले. थोरली मुलगी माझ्या कोपऱ्याच्या दगडावर उभी राहून उडी मारीत होती. मी म्हणालो, "येतं. २०२० साली घोट्याएवढं आलं, २०२५ साली कमरेएवढं. माझ्या आईच्या वेळी ही वगळ होती."

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "सर, खरं सांगू? तुम्ही 'नाही' म्हणाला असता तर मी दुसऱ्या कुणाला विचारणारच नव्हतो."

व्यवहार मोडला. सौ. दोन दिवस बोलली नाही, आणि तिचे चुकले असे मी म्हणणार नाही. तिसऱ्या दिवशी आईनेच विषय काढला. "माझ्या पाटल्या वगळीत गेल्या त्या गेल्या," ती म्हणाली, "दुसरीच्या नगं." त्यानंतर चहा पूर्ववत गोड येऊ लागला.

मला वाटले, इथे गोष्ट संपली आणि मी बरा ठरलो. पण त्याच आठवड्यात संध्याकाळी शेजारचे गृहस्थ घरी आले. निवृत्त शिक्षक, मोजून-मापून बोलणारे. चहा घेतला नाही. म्हणाले, "सर, तुमचा प्लॉट आहे, आमचं घर आहे. तुम्ही खरं बोललात आणि शांत झोपलात. पण ते खरं आता गावभर झालं. मुलाच्या नावावर अजून नऊ वर्षांचे हप्ते आहेत. उद्या आम्हांला विकायची वेळ आली, तर घ्यायला कोण येईल?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. अजूनही नाही. रिकाम्या जागेच्या मालकाला सत्य परवडते. ज्याने भिंती उभारल्या त्याचे काय? मी एवढेच म्हणालो, की घराची किंमत माझ्या बोलण्याने उतरली असेल, पण पाणी माझ्या बोलण्याने आले नाही आणि न बोलण्याने थांबणारही नाही. पाण्याला वाट करून द्या असा अर्ज आपण सगळे मिळून नगरपरिषदेला करू. अर्ज मी लिहितो.

रविवारी त्यांच्याच ओसरीवर आम्ही अकरा घरांची माणसे जमलो. आणि पाहा, वीस वर्षे निबंध तपासणारा मी, दोन ओळींच्या अर्जाशी दीड तास झगडत बसलो. मी लिहिले, 'आमच्या वसाहतीत पूर येतो'. लगेच दोघे म्हणाले, 'पूर' नको, भाव पडतील. 'पावसाचे पाणी साचते' असे लिहा. शब्द सौम्य होता. मलाही सौम्य शब्द आवडतात. पण मी म्हणालो, पाणी साचते म्हटले तर ते पंप पाठवतील. साचलेले पाणी उपसायचे असते. वाहणाऱ्या पाण्याला वाट द्यायची असते. आपले पाणी वाहते. रस्त्याखाली टाकलेली ती एवढीशी नळी त्याला पुरत नाही, म्हणून ते घरात शिरते. साचते की वाहते ह्या एका क्रियापदावर आपल्याला पंप मिळणार की मोरी, हे ठरणार आहे. व्याकरणाचा इतका रोकडा उपयोग मी वर्गात कधी दाखवू शकलो नव्हतो.

कोणी काही बोलेना. मग ते निवृत्त शिक्षकच हळूच म्हणाले, "वगळ लिहा."

"अं?"

"वगळ लिहा, सर. 'ह्या जागी पूर्वापार वगळ आहे, तिची वाट मोकळी करून द्यावी.' बांधतानाच एका म्हाताऱ्या गवंड्यानं मला सांगितलं होतं. जोतं चार फूट घ्या म्हणाला होता. मी दोन फूट घेतलं."

अकरांपैकी नऊ सह्या झाल्या. उरलेल्या दोघांवर माझा राग नाही. अर्जावर सही करणे म्हणजे पाणी येते हे कबूल करणे, आणि ते सोपे नाही. आवक खिडकीवरच्या तरुण कारकुनाने अर्ज वाचून विचारले, "वगळ म्हणजे?" मी सांगितले. त्याने तो शब्द जपून नोंदवहीत उतरवला आणि शिक्का मारला. नकाशातून गेलेली वगळ अकरा वर्षांनी पुन्हा एका कागदावर आली. मोरी केव्हा येईल ते मोरीच जाणे. पण दोन घरांनी विजेची बटणे नि मीटर वर चढवून घेतले, आणि सातबारा-खरेदीखते खालच्या कपाटातून माळ्यावर गेली.

तुमच्यापैकी कोणी ह्या पाडव्याला घर वा जागा घेणार असाल, तर एजंटाला अवश्य भेटा, वकिलाला अवश्य दाखवा. पण त्याआधी त्या भागातली एखादी म्हातारी गाठा आणि तिला तीनच गोष्टी विचारा. ह्या रानाला पूर्वी काय म्हणत? मोठ्या पावसात पाणी कोणत्या बाजूने यायचे? आणि ते जायचे कुठे? ती काय सांगेल ते हसण्यावारी नेऊ नका. वहीत टिपून तर मुळीच समाधान मानू नका.

माझा प्लॉट तसाच आहे. परवा आई पुन्हा येऊन पाहून गेली. बोटांत माती चुरडून म्हणाली, "गाळ झ्याक बसलाय. हरभरा टाक." तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत दीड गुंठ्याचा शेतकरी होण्याचा माझा बेत आहे. वगळीने कृपा केली, तर थंडीत डहाळे खायला अवश्य या.